वस्त्रे, दत्तक आणि फौजेचा पगार : १७९५-९६ चा पेशवाईचा वारसा नेमका कुठे फसला?

फडावरचा
सवाई माधवराव २७ ऑक्टोबर १७९५ रोजी वारले. वय २१, पोटी संतान नाही. पुढे डिसेंबर १७९६ मध्ये बाजीराव रघुनाथांना पेशवाईची वस्त्रे मिळाली. मधल्या तेरा महिन्यांत पेशवाई एका दत्तकाला देऊन परत काढून घेतली गेली, नाना फडणीस पुण्यातून पळून महाडला गेले आणि तिथूनच बाजी फिरवून परत आले. हे सगळे बहुधा नाना आणि दौलतराव शिंदे यांचे भांडण म्हणून सांगितले जाते. तेवढ्याने भागत नाही. मला वाटते, वारसा ठरवायची जी रीत होती तिचा एकेक सांधा या तेरा महिन्यांत निखळला. म्हणून धागा रीतीवरच ठेवू या.

पेशवा 'झाला' असे म्हणायला चार गोष्टी लागत. पहिली, वारस: औरस किंवा यथाविधी दत्तक. दुसरी, साताऱ्याच्या छत्रपतींकडून आलेली वस्त्रे आणि शिक्के-कट्यार. पेशवा कितीही बलवान असला तरी तो छत्रपतींचा प्रधान, म्हणून यातून सुटका नव्हती. तिसरी, मोठ्या सरदारांची संमती, शक्यतो लेखी. चौथी गोष्ट कोणत्याच पोथीत नाही: त्या दिवशी पुण्याभोवती ज्याची फौज आहे त्याची कबुली, आणि त्या फौजेच्या थकलेल्या रोजमुऱ्याची (पगाराची) सोय.

१७७४ मध्ये यातल्या पहिल्या तिन्ही गोष्टी जुळल्या होत्या. नारायणरावांचा खून ३० ऑगस्ट १७७३ चा. वस्त्रे आधी त्यांचे काका रघुनाथराव यांना मिळाली, त्यासाठी रघुनाथरावांचे दत्तक पुत्र अमृतराव यांना साताऱ्याला पाठवले होते. पण नारायणरावांच्या पत्नी गंगाबाई गरोदर होत्या. बारभाईंनी (रघुनाथरावांविरुद्ध एकत्र आलेल्या नाना आदी कारभाऱ्यांनी) त्यांना पुरंदरावर नेले, १८ एप्रिल १७७४ ला मुलगा झाला आणि चाळिसाव्या दिवशी त्याच्या नावाने वस्त्रे आणली. एकाच वेळी वस्त्रे मिळालेले दोन पेशवे उभे राहिले, त्यात औरस वारसाचे पारडे जड ठरले. १७९५ मध्ये ते पारडेच रिकामे होते.

मयूखपान
दत्तकाच्या बाजूवर सविस्तर लिहितो, कारण खरी मेख तिथे आहे.

नानांचा पहिला बेत सरळ होता. सवाई माधवरावांच्या विधवा यशोदाबाईंच्या मांडीवर भट घराण्यातला किंवा गोत्रातला एखादा लहान मुलगा द्यायचा. विधवेला तेव्हा दत्तक घेता येई का? महाराष्ट्रात येई. बंगालकडे नवऱ्याने हयातीत परवानगी दिलेली असावी लागे, मिथिलेत विधवेला तो अधिकारच नव्हता, पण आपल्याकडे 'व्यवहारमयूख' आणि 'निर्णयसिंधु' हे धर्मशास्त्राचे ग्रंथ मानणाऱ्या परंपरेत नवऱ्याने मनाई केलेली नसेल तर विधवा दत्तक घेऊ शके. कुटुंब अविभक्त असेल तर घरातल्या वडीलधाऱ्यांची संमती लागे. यशोदाबाई स्वतः अजाण वयाच्या होत्या, म्हणजे प्रत्यक्षात निर्णय कारभाऱ्यांचा. तरीही लहान मुलगा घेतला असता तर विधीत खोट काढणे अवघड गेले असते.

मे-जून १७९६ मध्ये घडले ते वेगळेच. यशोदाबाईंना दत्तक दिले चिमाजीअप्पांना, म्हणजे रघुनाथरावांच्या धाकट्या मुलाला. नाते मोजा. नानासाहेब आणि रघुनाथराव सख्खे भाऊ. नानासाहेबांचे नारायणराव, नारायणरावांचे सवाई माधवराव. रघुनाथरावांचे चिमाजीअप्पा. म्हणजे चिमाजीअप्पा हे सवाई माधवरावांचे चुलत काका. काकाला पुतण्याचा मुलगा केले! दत्तकाला 'पुत्रच्छाया' हवी, म्हणजे तो घेणाऱ्याचा मुलगा शोभेल अशा नात्यातला हवा. भाऊ, काका, मामा यांना शास्त्रकार म्हणूनच वगळतात. चिमाजीअप्पा तेव्हा बारा वर्षांचे असल्याने वयाने मुलगा शोभत होते, नात्याने नाही.

आणखी एक खोट आहे, तिच्याकडे कमी लक्ष जाते. दत्तविधानाचा गाभा दान (मुलगा देणे) आणि प्रतिग्रह (त्याला स्वीकारणे). दत्तहोम नंतरचा. दान करण्याचा अधिकार फक्त जन्मदात्या आईबापांचा. भाऊ भावाला दान करू शकत नाही. रघुनाथराव १७८३ मध्येच कोपरगावी वारले होते आणि आनंदीबाई १७९४ मध्ये आनंदवल्लीला. १७९६ मध्ये चिमाजीअप्पांना 'देणारे' कोणी उरलेच नव्हते. तेव्हा बाजीरावांनी गादीवर येताच हे दत्तविधान अशास्त्र ठरवून रद्द केले, त्यामागे त्यांचा स्वार्थ होता हे खरे, पण शास्त्रार्थही त्यांच्याच बाजूला होता. विधी करणाऱ्या शास्त्रीमंडळींना मात्र त्याची शिक्षा भोगावी लागली.

गोदातीर
@मयूखपान, नात्याची मांडणी पटली. पण मग एवढी उघड खोट असताना सरदार परशुरामभाऊ पटवर्धन आणि शिंद्यांचे कारभारी बाळोबातात्या पागनीस यांनी हा मार्ग का घेतला? थोरले भाऊ बाजीराव हयात असताना चिमाजीअप्पांना थेट वस्त्रे का दिली नाहीत? दत्तकाची भानगड कशाला?

मयूखपान
कारण थेट दिली असती तर हक्क रघुनाथरावांच्या शाखेकडे गेला असता, आणि त्या शाखेत बाजीराव चिमाजीअप्पांपेक्षा नऊ वर्षांनी थोरले. (अमृतराव त्याहूनही मोठे, पण ते भुस्कुट्यांच्या घरातून घेतलेले दत्तक.) दत्तक केल्यावर चिमाजीअप्पा कागदोपत्री सवाई माधवरावांचे पुत्र होतात आणि बाजीराव आपोआप बाजूला पडतात. थोरल्याला डावलायचा तो एकच कागदी उपाय होता. शिवाय रघुनाथरावांच्या शाखेला पेशवाई देणे म्हणजे बारभाईंचे वीस वर्षांचे राजकारण चूक होते अशी कबुली देणे.

वरातदार
आता चौथ्या गोष्टीकडे येऊ, म्हणजे पैशाकडे. माझ्या मते निकाल तिथेच लागला.

सौदे क्रमाने पाहिले की चित्र स्वच्छ होते. बाजीराव शिवनेरीवर कैदेत. तिथून त्यांनी बाळोबातात्यांमार्फत दौलतरावांशी बोलणे लावले: पेशवाई मिळवून दिलीत तर चार लाखांचा मुलूख आणि फौजखर्च. नानांना याचा सुगावा लागला. त्यांनी मार्च १७९६ मध्ये परशुरामभाऊंना शिवनेरीला पाठवून बाजीरावांना स्वतःच पुण्यात आणले. वारस आपल्या हातात आला, की वस्त्रे आणण्याचा मान आणि पुढचा कारभारही आपल्याकडे, हा हिशेब. दौलतराव चिडून पुण्यावर चालून आले, नाना साताऱ्याकडे निघाले, तिथून वाई, मग घाट उतरून महाड. मागे बाळोबातात्या आणि परशुरामभाऊंनी चिमाजीअप्पांना बसवले.

महाडला बसून नानांनी एकेकाची किंमत लावली. निजामाला खर्ड्याच्या तहात कबूल करून घेतलेले परत द्यायचे वचन दिले. म्हणजे मार्च १७९५ च्या लढाईची कमाई दीड वर्षात सोडून दिली. दौलतरावांना अहमदनगरचा किल्ला आणि दहा लाखांचा मुलूख. नागपूरकर भोसल्यांना वेगळे. मग दौलतरावांनी बाळोबातात्यांना कैद केले आणि पारडे फिरले.

लक्षात घ्या, अजून कोणालाही रोख मिळालेली नाही. सगळ्या वराती आहेत. आणि वरात म्हणजे पुढच्या वसुलावर काढलेली हुंडी. पेशव्यांच्या खजिन्यात रोकड नाही, शिंद्यांच्या कंपूंचा (कवायती पलटणींचा) पगार मात्र महिन्याचा महिन्याला हवा. जुन्या सरंजामी घोडदळाला मुलूख लावून दिला की ते चार महिने घरी जाऊन शेती पाहत. कवायती पलटणींना घरी पाठवता येत नाही. पगार थकला की त्या धरणे धरून बसतात. म्हणून गादीवरचा माणूस बदलला तरी फौज पुण्याबाहेरून हलली नाही. तिला हलवायला पैसा लागत होता आणि पैसा मिळेपर्यंत ती हलणार नव्हती.

याचा शेवट १७९८ मध्ये पुणेकरांनी भोगला. नानांना पकडून दिल्याबद्दल बाजीरावांनी दौलतरावांना दोन कोटी रुपये कबूल केले होते. ३१ डिसेंबर १७९७ ला नाना शिंद्यांच्या नोकरीतल्या मायकेल फिलोजच्या हाती कैद झाले. दोन कोटी आणायचे कुठून? बाजीरावांनी ती वसुली दौलतरावांचे सासरे सर्जेराव घाटगे यांच्यावर सोपवली, आणि त्यांनी सावकार, व्यापारी, जुने कारभारी यांना मारहाण करून, तापलेल्या तोफांवर बांधून ती केली. वारसाचे देणे रयतेच्या घरातून वसूल झाले.

शिप्राकाठ
@वरातदार, सहमत, पण एक पुस्ती. हे फक्त पेशव्यांच्या घरात झाले नाही. त्याच पाच-सहा वर्षांत शिंदे आणि होळकर या दोन्ही घरांत वारसाचा प्रश्न उभा राहिला आणि तिन्ही भांडणे एकमेकांत गुंतली.

महादजी १२ फेब्रुवारी १७९४ रोजी वानवडीला वारले. दौलतराव त्यांच्या भावाचे नातू, वय जेमतेम पंधरा. दत्तविधान महादजींच्या हयातीत राहून गेले होते. सरदारकीची वस्त्रे पेशव्यांकडून मिळाली, पण महादजींच्या विधवांचा विरोध आत धुमसत राहिला आणि १७९८ मध्ये उघड लढाईवर आला. त्या बाया अमृतरावांच्या छावणीत आश्रयाला गेल्या, तिथे घाटग्यांनी हल्ला केला. पुढे उत्तरेत शिंद्यांचेच सरदार लखबादादा लाड त्यांच्या बाजूने उभे राहिले.

होळकरांकडे याहून वाईट. तुकोजी १५ ऑगस्ट १७९७ रोजी वारले. काशीराव आणि मल्हारराव हे लग्नाच्या बायकोचे, यशवंतराव आणि विठोजी हे नाटकशाळेचे, म्हणजे रखेलीचे. थोरले काशीराव अधू आणि कारभाराला कच्चे. ते शिंद्यांच्या आसऱ्याला गेले. १४ सप्टेंबरला शिंद्यांच्या पलटणींनी भांबुर्ड्याजवळ मल्हाररावांचा तळ घेरला, त्यात ते मारले गेले. त्यांची बायको जिजाबाई गरोदर होती, तिला पुढे मुलगा झाला: खंडेराव.

यशवंतरावांनी पुढे केलेली गोष्ट रीतीच्या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. त्यांनी गादी स्वतःच्या नावावर मागितली नाही. खंडेरावांच्या नावाने कारभार सांगितला, कारण आपला जन्म आड येणार हे ते जाणत होते. बारभाईंनी सवाई माधवरावांच्या नावाने केले तेच हे. पण पुण्याहून खंडेरावांच्या नावे वस्त्रे मिळेनात, आणि १६ एप्रिल १८०१ रोजी विठोजींना बाजीरावांनी हत्तीच्या पायी दिले. यशवंतरावांनी पेशवे-शिंद्यांच्या फौजेशी केलेली २५ ऑक्टोबर १८०२ ची हडपसरची लढाई या दोन दुखण्यांतून आली.

नवीन_वाचक
सगळ्यांचे आभार. एक साधा प्रश्न. या काळातल्या छापील मोडी पत्रांत 'सित तिसैन मया व अलफ' असे वर्ष दिसते. १७९५ धरायचे की १७९६? दत्तविधानाची तारीख लावताना इथेच घोळ होतो.

फडावरचा
हा सुहूर सन. अरबी शब्द एकमापासून वाचायचे: सित ६, तिसैन ९०, मया १००, अलफ १०००. झाले ११९६. हे वर्ष मृग नक्षत्र लागते तेव्हा, म्हणजे त्या काळी जूनच्या सुरुवातीच्या सुमारास, बदलते. म्हणून मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंत ५९९ मिळवा, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६०० मिळवा. सवाई माधवरावांचा मृत्यू आणि शिवनेरीवरून बाजीरावांना आणणे या दोन्ही गोष्टी सित तिसैनातच येतात, पण इंग्रजी साल पहिल्याचे १७९५ आणि दुसऱ्याचे १७९६. बाजीरावांची वस्त्रे मात्र सबा तिसैन, ११९७ ची.

तीन ठिकाणी हमखास चूक होते. सबा म्हणजे ७ आणि सबैन म्हणजे ७०, सित ६ आणि सितैन ६०, तिसा ९ आणि तिसैन ९०; मोडीत शेवटचा फराटा पुसट असला की वर्ष थेट दशकांनी सरकते. दुसरे, 'छ' या अक्षरानंतर येणारी तारीख मुसलमानी महिन्याची चांद्र तारीख असते, तिला मराठी तिथी समजू नये. तिसरे, चिमाजीअप्पांच्या दत्तविधानाचे आणि वस्त्रांचे दिवस नेमके मृगाच्या तोंडाशी येतात. तिथे सुहूर सनावर एकट्यावर विसंबू नका. शक आणि तिथी जुळवून पाहा, वार दिला असेल तर उत्तमच.

विश्वामित्री
बडोद्याचे उदाहरण इथे हवेच, कारण दिलेल्या वचनाची हमी कोण घेतो, याचे महत्त्व त्याशिवाय समजत नाही.

दमाजी गायकवाड १७६८ मध्ये वारले. सयाजीराव वयाने थोरले पण बुद्धीने मंद, गोविंदराव धाकटे पण पहिल्या बायकोचे. म्हणजे थोरलेपण मुलाचे मोजायचे की आईचे, हा प्रश्न. थोरल्या माधवरावांनी आधी गोविंदरावांना सेनाखासखेल (गायकवाडांच्या गादीचा किताब) केले. १७७१ मध्ये त्यांचे भाऊ फत्तेसिंग पुण्याला आले, रामशास्त्र्यांचे मत सयाजीरावांच्या बाजूने पडले आणि वस्त्रे फिरली. फत्तेसिंग मुतालिक, म्हणजे सयाजीरावांच्या वतीने कारभार पाहणारे, झाले. रघुनाथराव आले तेव्हा पुन्हा गोविंदराव. दर फेरीला नजराणा, मागची बाकी आणि गैरहजेरीचा दंड. पुण्याच्या दृष्टीने वारसा ही वसुलीची संधी झाली होती, हे कटू असले तरी मान्य करायला हवे. मराठी राज्यातले सगळे दोष इंग्रजांच्या खात्यावर टाकता येत नाहीत.

गोविंदराव १८०० मध्ये वारले. आनंदराव कारभाराला असमर्थ, त्यांचे भाऊ कान्होजी महत्त्वाकांक्षी, भाऊबंद कडीचे मल्हारराव दारात. बडोद्यात खरी सत्ता अरब शिबंदीची (भाडोत्री फौजेची). त्यांचा पगार थकलेला, आणि शिवाय त्यांची 'बहांदरी' चाले. म्हणजे सावकाराने दरबाराला कर्ज दिले किंवा दरबाराने कोणाला अभय दिले की अरब जमादार जामीन राहत. वचन मोडले तर दरबारालाच धरत. दिवाण रावजी आपाजींनी मुंबईकर इंग्रजांना बोलावले. १८०२ मध्ये मेजर वॉकर आले. त्यांनी काय केले? अरबांच्या थकबाकीची सोय लावली, न हटणाऱ्यांना वेढा घालून काढले, आणि बहांदरी कंपनीच्या नावाने घेतली. ज्याच्याकडे जामीनकी त्याच्याकडे राज्य. त्यासाठी गादीवरचा माणूस बदलावाही लागला नाही, आनंदराव १८१९ पर्यंत गादीवरच होते.

वरातदार
@विश्वामित्री, अगदी हेच. हडपसरच्या पराभवानंतर बाजीरावांनी कंपनीशी केलेला वसईचा तह याच नजरेने वाचावा. ३१ डिसेंबर १८०२. कमीत कमी सहा हजार कवायती पायदळ कायम, आणि त्याच्या खर्चासाठी २६ लाखांचा मुलूख कंपनीला तोडून. बाजीरावांची १७९६ पासूनची अडचण काय होती? फौज दुसऱ्याची आणि तिचा पगार वरातींवर. कंपनीने त्यांना अशी फौज दिली जिचा पगार कधी थकणार नाही, कारण मुलूखच आधी कापून घेतला. म्हणून तो सौदा त्या क्षणी त्यांना सोयीचा वाटला. पुढे कोणाशी तह करायचा, कोणा परकीयाला नोकरीत ठेवायचे, याचा अधिकार गेला तो वेगळा.

गोदातीर
पण यशवंतरावांनी १८०२ मध्ये दुसरा पेशवा उभा केला होता ना? अमृतरावांचे चिरंजीव विनायकराव. त्यांचा पक्ष का टिकला नाही? फौज होती, पुणे ताब्यात होते.

शिप्राकाठ
वारस म्हणून कच्चा. अमृतराव स्वतः दत्तक, आणि त्यांना घेतल्यावर रघुनाथरावांना दोन औरस मुलगे झालेले. त्यात बाजीराव हयात, वस्त्रे मिळालेले आणि राज्याबाहेर न गेलेले. दौलतराव आणि नागपूरकर कोणीही विनायकरावांना मानले नाही. आणि फौजेचा खर्च पुण्यातूनच काढायचा होता, म्हणजे १७९८ ची पुनरावृत्ती. १३ मे १८०३ ला बाजीराव इंग्रज फौजेसह परतले. अमृतरावांनी कंपनीकडून सालीना सात लाखांची नेमणूक घेतली आणि पुढे चित्रकूटजवळ कर्वीला जाऊन राहिले. गादीचा दावा सोडण्याची ही किंमत होती, आणि ती रोख मिळाली. दाव्याचे मोल कंपनीने इतक्या सहज दिले यावरून तिला त्याची धास्ती किती होती तेही दिसते.

सीताबर्डी
वस्त्रे म्हणजे नुसता उपचार असे कोणी म्हणत असेल तर नागपूरचे १८१७ पाहावे.

दुसरे रघूजी २२ मार्च १८१६ रोजी वारले. मुलगा परसोजी शरीराने आणि मनाने पंगू. चुलत भाऊ मुधोजी, म्हणजे अप्पासाहेब, कारभार मागत होते. राजवाड्यात रघूजींच्या विधवा बाकाबाईंचा गट विरोधात. अप्पासाहेबांनी २७ मे १८१६ ला तैनाती फौजेचा तह केला तो कारभार पक्का करण्यासाठी. पुन्हा तेच: घरातल्या भांडणात जामीन हवा म्हणून कंपनी. १ फेब्रुवारी १८१७ ला परसोजी मृत सापडले, अप्पासाहेब राजे झाले.

जून १८१७ च्या पुणे तहाने बाजीरावांना इतर मराठा सरदारांवरचा सगळा अधिकार सोडायला लावले होते. तरीही त्यांनी अप्पासाहेबांना सेनासाहेबसुभा किताबाची वस्त्रे पाठवली. नागपूरचे कंपनीचे रेसिडेंट (प्रतिनिधी) जेंकिन्स यांनी स्पष्ट इशारा दिला. २४ नोव्हेंबरला अप्पासाहेबांनी ती भर समारंभात स्वीकारली, आणि २६ ला संध्याकाळी सीताबर्डीच्या टेकडीवर तोफा सुरू झाल्या. एक पोशाख आणि एक किताब घेणे ही तहाची मोडणी ठरली, कारण वस्त्रे घेणारा देणाऱ्याचे धनीपण मान्य करतो हे जेंकिन्स यांना पुरते ठाऊक होते.

नवीन_वाचक
मग कंपनीचे दत्तक नामंजूर करण्याचे धोरण १८४८ मध्ये अचानक कुठून आले? दौलतराव १८२७ मध्ये निपुत्रिक वारले तेव्हा त्यांच्या पत्नी बायजाबाईंनी मुकुटरावांना दत्तक घेतले आणि ते जनकोजी म्हणून मान्य झाले.

मयूखपान
प्रश्न नेमका आहे. शास्त्राने दत्तक पूर्ण होतो तो दान-प्रतिग्रहाने. वरच्या सत्तेची मंजुरी हा शास्त्राचा भाग कधीच नव्हता, ती रिवाजाने सरंजाम आणि किताब पुढे चालवण्यासाठी लागे. पेशवे दत्तकासाठी नजराणा घेत, तेव्हा ते खरे तर सरंजाम पुढे चालू ठेवण्याची किंमत घेत होते. कंपनीने या दोन गोष्टी एकत्र केल्या: मंजुरी नाही तर राज्यापुरता दत्तकच नाही. खासगी मालमत्तेला मात्र दत्तक वारस चालतो. शिंद्यांशी तह लढाईनंतर दोन सत्तांमध्ये झालेला होता, सातारा मात्र कंपनीने १८१९ मध्ये 'दिलेले' राज्य, असा भेद पुढे केला गेला.

साताऱ्याचे शहाजीराजे ५ एप्रिल १८४८ ला वारले. मृत्यूच्या काही तास आधी त्यांनी भोसले घराण्यातलाच मुलगा दत्तक घेतला. नाते, दान, विधी यांत १७९६ सारखी कोणतीही खोट नव्हती. १८१९ च्या तहात राज्य राजांना आणि त्यांच्या वारसांना निरंतर, असे शब्द होते. मुंबईचे गव्हर्नर जॉर्ज क्लार्क यांनी त्यावर बोट ठेवून दत्तक मान्य करावा असे लिहिले. त्यांच्या जागी आलेले फॉकलंड आणि कलकत्त्याचे गव्हर्नर जनरल डलहौसी यांनी उलट मत दिले, १८४९ च्या आरंभी कंपनीच्या संचालकांनी ते उचलून धरले आणि राज्य खालसा झाले. ज्या गादीवरून पेशव्यांना, आणि पेशव्यांमार्फत शिंदे-होळकर-गायकवाडांना वस्त्रे जात, त्या गादीचा दत्तक वरून मंजुरी नाही म्हणून नाकारला गेला.